पावलोविचचा कागद

कागद पावलोविचच्या घशात अडकला होता आणि त्याचा चेहरा जांभळा पडत चालला होता. तो खोकत नव्हता. घशात काही अडकलेला माणूस खोकत असेल, ओरडत असेल, तोवर फार घाबरायचं कारण नसतं. तो गप्प झाला की समजायचं, आत हवा जात नाही. पावलोविच गप्प झाला होता. चाकाच्या खुर्चीत बसलेला, डावा हात लुळा पडलेला, उजव्या हाताची मूठ तोंडावर दाबलेली, आणि मुठीतून जाड पांढऱ्या कागदाचं एक टोक बाहेर आलेलं.

मी त्याचा हात ओढला. एका बाजूने लुळा पडलेला म्हातारा, पण त्याचा तो हात मला हलवेना. दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. गडद निळं जॅकेट, टोपी, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा, छातीवर फोटोचा बिल्ला. तो इंग्रजीत मला विचारत होता, "मॅम, इज ही ओके?" पावलोविच माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे त्या बिल्ल्यावर होते. त्या माणसाला बघून तो आणखी आत कोंबत होता.

अंगठ्याच्या मुळाशी जोरात दाबलं की मूठ सुटते. मी दाबलं. मूठ सुटली, बाहेरचं टोक फाटून माझ्या हातात आलं. उरलेलं आत राहिलं.

पुढचं सांगते. पण तो कोण आणि मी तिथे काय करत होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला ही वेड्यांची गोष्ट वाटेल.

मी मिरजेला एका दवाखान्यात आया होते. शिक्षण चौथी. संडास-लघवीची भांडी देणं, चादरी बदलणं, पेशंटला कुशीवर वळवणं, मेलेल्याला पुसून काढणं, ही माझी कामं. आमचे घरचे मालक वारल्यावर मुलीने मला अमेरिकेत बोलावलं. तिच्या बाळंतपणाला आले आणि राहिले. गावाचं नावच स्टेट कॉलेज. पेनसिल्व्हेनियात डोंगरांच्या मधे आहे. निम्मं गाव विद्यार्थी, उरलेलं निम्मं त्यांना शिकवणारं किंवा खायला घालणारं. नातू शाळेत जायला लागला, मुलगी सकाळी लॅबला, जावई ऑफिसला, आणि मी घरात डिशवॉशरचा आवाज ऐकत बसायची. मुलगी सिटिझन झाली, माझं ग्रीन कार्ड झालं, तेव्हा मी म्हटलं, मी कामाला लागते.

"कसलं काम?" मुलगी म्हणाली.

"मला येतं ते. म्हातारी माणसं सांभाळायची. त्या वाण्याच्या दुकानात कागद लावलाय, एजन्सीला बायका पाहिजेत."

"आई, अगं लोक काय म्हणतील? आईला इकडे आणून कामाला लावलं."

"लोक म्हणजे कोण? चार मराठी घरं आहेत. त्यातली दोन तुझ्याशी बोलत नाहीत."

"पण लोकांचे डायपर चेंज करायचे म्हणजे..."

"तुझे कोण करत होतं? तेव्हा डायपर नव्हते, दुपटी धुवावी लागायची."

जावई वर्तमानपत्रामागून हसले. "जाऊ दे ना गं. शी वॉन्ट्स टु वर्क, यार. लेट हर." नातवाने विचारलं, "आजी, विल यू गेट अ युनिफॉर्म?" मिळाला. जांभळा सदरा आणि पँट. जन्मात पहिल्यांदा पँट घातली. बरी असते, वाकायला सोपी.

इथल्या मराठी मंडळाच्या मुली म्हणाल्या, मावशी, दिवाळी अंकासाठी तुमची जर्नी लिहा. जर्नी काही नाही. मिरज ते मुंबई, मुंबई ते फिलाडेल्फिया, तिथून जावयांच्या गाडीतून इथे. झाली जर्नी. त्यापेक्षा काम काय असतं ते लिहिते, कारण आमच्या लोकांना वाटतं, म्हातारं सांभाळणं म्हणजे जवळ बसून गप्पा मारणं. गप्पा शेवटी. आधी ढुंगण स्वच्छ. मग टाचा बघायच्या. पडून असलेल्या माणसाचं कातडं आधी टाचेला आणि माकडहाडाला जातं, आणि एकदा गेलं की परत आणायला महिने जातात. अंघोळ घालताना पूर्ण उघडं करायचं नाही, एक भाग धुवायचा, पुसायचा, झाकायचा. थंडी वाजते म्हणून, आणि लाज वाटते म्हणूनसुद्धा. अर्धांग झालेल्या माणसाला लाज राहत नाही असं घरच्यांना वाटतं. राहते. जास्तच राहते.

आणि म्हाताऱ्याशी वाद घालायचा नाही. माझं दुसरंच घर एका दूधवाल्या शेतकऱ्याचं होतं, अमेरिकन. त्याचा गोठा विकून वीस वर्षं झाली होती, पण अंधार असतानाच उठायचा आणि बूट शोधायचा, धार काढायला जायचंय म्हणून. त्याची सून समजवायची, "पॉप, गाई नाहीत." तो चिडायचा, रडायचा. मी तिला म्हटलं, त्याला सांग धारा काढून झाल्या. तिला ते खोटं वाटायचं. मी सांगायची, "ऑल डन, सर. गुड मिल्क." तो बूट खाली ठेवायचा आणि झोपायचा. डोक्यातून गेलेलं अंगातून जात नाही. मिरजेला हे मला कुणी शिकवलं नव्हतं. इथे त्या शेतकऱ्याने शिकवलं.

एक बाई होती, तिला अंघोळीच्या आधी लिपस्टिक लागायची. अंघोळीच्या आधी. नंतर नाही. का ते मी विचारलं नाही, लावून दिली. असे पुष्कळ. पण अंकाला पानं मोजकी आहेत, आणि मला पावलोविचबद्दल लिहायचंय.

त्याचं नाव ग्रिगोरी पावलोविच. त्याची मुलगी वेरा ओहायोत डब्लिन म्हणून गाव आहे तिथे नोकरी करते. तिने पहिल्या दिवशी मला सांगितलं की त्यांना नुसतं ग्रिगोरी म्हणू नका, ग्रिगोरी पावलोविच म्हणा, म्हणजे पावेलचा मुलगा ग्रिगोरी. त्यांच्यात बापाचं नाव जोडून हाक मारली की मान दिल्यासारखं. मला बरं वाटलं. आपल्यातही बापाचं नाव मधे असतं, पण शाळेची हजेरी सोडली तर कुणी घेत नाही. दोन्ही नावं घेता घेता माझी जीभ अडखळायची, मग मी नुसतं पावलोविच म्हणायला लागले. त्याची हरकत नव्हती. म्हणाला, "चालेल. माझे वडील माझ्यापेक्षा चांगले होते."

आम्हा दोघांचंही इंग्रजी तुटकं. पण दोन तुटक्या इंग्रजीवाल्यांचं एकमेकांशी चांगलं जमतं. अवघड शब्द कुणीच वापरत नाही. इथे लिहिलेलं त्याचं बोलणं मी मराठीत करून लिहिते आहे.

तो त्याच्या देशात कवी होता. पण त्याच्या कविता छापायला बंदी होती. मित्र मित्र मिळून टाइपरायटरवर कार्बन घालून प्रती काढायचे आणि एकमेकांना द्यायचे. टाइपला कागद कसला, तर कांद्याच्या सालीसारखा, म्हणजे एका वेळी जास्त प्रती निघतात. सापडलं तर तुरुंग. म्हातारपणी तो मुलीबरोबर अमेरिकेत आला आणि कविता सोडून चित्रं काढायला लागला. मी विचारलं, का? म्हणाला, "इथे माझी भाषा कुणाला येत नाही. कविता कुणाला दाखवू? चित्राला भाषांतर लागत नाही." मग मला एक चित्र दाखवलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

मी म्हटलं, "कोळशाचं पोतं."

तो इतका हसला की मला त्याची मान धरावी लागली. वेराला फोन करून त्याने सांगितलं की या बाईला चित्रातलं कळतं.

ते चित्र एका कागदावर होतं. वहीच्या दोन पानांएवढा जाड, खरबरीत कागद. मधे काळा गठ्ठा, आणि कडेला कडेला त्या काळ्यातून बारीक अक्षरांचे पाय बाहेर आलेले, जशा मुंग्या ढेकळातून निघतात. जवळून बघितलं तर कळायचं की तो काळा रंग नाही, अक्षरंच आहेत. एका ओळीवर दुसरी ओळ, तिच्यावर तिसरी, सगळ्या एकाच जागी लिहिलेल्या. ती एकच कविता होती. तिची गोष्ट त्याने मला भात खाताखाता सांगितली.

तरुण होता तेव्हा ही कविता त्याने लिहिली आणि अजून टाइप व्हायची होती. एकच प्रत, स्वतःच्या हातची. सकाळी स्वयंपाकघरात बसला होता आणि दार वाजलं. तीन वेळा, मुठीने. ओळखीचा माणूस तसं दार वाजवत नाही. कवितेत मित्रांची नावं होती. त्याने कागदाचा बोळा केला आणि ताटातल्या उकडलेल्या बटाट्याबरोबर खाल्ला. वर्दीतले लोक आत आले, गाद्या फाडल्या, फरशा उचकटल्या, आणि हा समोर बसून बटाटे खात होता.

"कशी लागली?" मी विचारलं.

"मीठ नव्हतं," तो म्हणाला.

ती कविता त्याला पुढे कधीच सलग आठवली नाही. अमेरिकेत आल्यावर एखादी ओळ आठवायची. कधी अंघोळीला, कधी बसमधे. आठवली की तो त्या कागदावर तिथेच लिहायचा, आधीच्या ओळीवर. मी विचारलं, खाली का नाही लिहिली, वाचता तरी आली असती. तो म्हणाला, "वाचता आली तर सापडते." कित्येक वर्षं तो एकच कागद चालला होता. मग अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पण काही शब्द आलेच नाहीत, आणि ओळी यायच्या थांबल्या. तेव्हा त्याने ठरवलं की चित्र पूर्ण झालं. तिथून पुढे मी आले.

झटक्यामुळे त्याचं गिळणं बिघडलं होतं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. असं झालेल्या माणसाला जेवणापेक्षा पाणी वाईट. पाणी पातळ, ते चुकीच्या नळीत धावतं आणि छातीत जातं. म्हणून पाण्यात एक पावडर घालून ते घट्ट करायचं. चहासुद्धा. पावलोविचला काचेच्या ग्लासात कडक चहा आणि दातात साखरेचा खडा, ही आयुष्यभराची सवय. मी त्याला चमच्याने जेलीसारखा चहा भरवायची. तो म्हणायचा, "हा चहा नाही. ही शिक्षा आहे. मी काय केलं ते तरी सांगा." घास देताना हनुवटी खाली करायला सांगायची, वर नाही. आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली आल्याशिवाय दुसरा घास द्यायचा नाही. एजन्सीने दिलेल्या डब्यातलं वाटण तो थुंकायचा. मी आपला मऊ भात करून, घोटून, तूपमीठ घालून दिला. तो म्हणाला, आमच्याकडे हे लहान मुलांना देतात. मी म्हटलं, आमच्याकडेही. मग त्याने वाटी संपवली.

दाराची गोष्ट पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आली. एजन्सीचा नियम, दार वाजवायचं, थांबायचं, मग आत जायचं. मी तसं केलं. आत गेले तर म्हातारा पांढराफटक, आणि चांगला हात पांघरुणाखाली काहीतरी लपवतोय. वर्तमानपत्र होतं. वेराला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दाराचं ना? पूर्वी नव्हतं हो इतकं. झटक्यानंतर वाढलंय." मला शेतकऱ्याचे बूट आठवले आणि वाद घातला नाही. त्या दिवसापासून मी दार वाजवायचं सोडलं. मिरजेला तरी कोण वाजवतं? बाहेरून हाक मारतात. मी जिन्यातूनच मोठ्याने ओरडायची, "पावलोविच, मी आले हो!" चक्क मराठीत. तो आतून त्याच्या भाषेत काहीतरी ओरडायचा. शेजारची बाई दार उघडून बघायची. बघू दे. इमारतीच्या मॅनेजरबाईंना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, जेवण आणणाऱ्या मुलीला सांगितलं. नो नॉक. कॉल हिज नेम. सगळे ऐकायचे. त्या दाराला माणसं हाका मारायला लागली आणि म्हातारा सुधारला.

मग वेराने प्रदर्शनाचं जमवलं. गावात एक लहान गॅलरी होती, तिथे पाच-सहा परदेशी चित्रकारांची कागदावरची चित्रं लावायची होती. पावलोविचचा तो कागद त्यांना पाहिजे होता. आधी तो नाही म्हणाला. मग हो म्हणाला. मग पुन्हा नाही. वेराने फोनवर रडारड केली. त्याने मला विचारलं, "तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "मी कागद खात नाही, मला काय विचारता?"

तो म्हणाला, "बरं. नेऊ दे. कुणाला वाचता येणार आहे?"

गुरुवारी गॅलरीचा माणूस न्यायला येणार होता आणि वेरा त्याच्याआधी पोचणार होती. मी तिला फोनवर सांगितलं, त्या माणसाला सांग, दार वाजवू नको. ती म्हणाली, मी गॅलरीच्या ऑफिसला सांगितलंय. ऑफिसने चित्रं वाहून नेणाऱ्या कंपनीला सांगितलं की नाही, कंपनीने ड्रायव्हरला सांगितलं की नाही, देव जाणे. सकाळी बर्फ पडला. वेरा रस्त्यात अडकली. ड्रायव्हर जवळचाच होता, तो वेळेच्या आधी आला.

मी न्हाणीघरात टॉवेल घेत होते. पावलोविचने मागितला म्हणून कागद मीच त्याच्या मांडीवर दिला होता, जाण्याआधी एकदा बघायचा म्हणाला. बाहेर दार वाजलं. तीन वेळा, मुठीने. त्या माणसाचे हात मोठे, हातात मोजे, त्याने साधंच वाजवलं असेल. मी "कमिंग" म्हणून बाहेर आले तोवर त्याने हँडल फिरवून दार उघडलं होतं, कारण मी दिवसा कडी लावत नसे. निळं जॅकेट, टोपी, बिल्ला. आणि खुर्चीत पावलोविच. कागदाचा अर्धा भाग मांडीवर फाटलेला, उरलेला तोंडात.

त्याने पूर्वी केलं तेच केलं. फक्त तो कागद कांद्याच्या सालीसारखा होता आणि हा चित्राचा होता. जाड. भिजला तरी विरघळत नाही. आणि तेव्हा त्याचा गळा तरुण होता.

आता मघाचं पुढे. मी त्याला पुढे वाकवलं आणि पाठीवर तळहाताने जोरात मारलं. एजन्सीत बाहुलीच्या पाठीवर शिकवतात तसं. एक, दोन, पाच. काही नाही. तोंडात बोट घालून काढायचा मोह होतो. दिसत नसेल तर घालायचं नाही, आणखी आत जातं. पुढचा उपाय म्हणजे मागून दोन्ही हातांनी कवळ घालायची, बेंबीच्या वर मूठ ठेवायची आणि आत-वर हिसका द्यायचा. माझी उंची चार फूट दहा इंच आणि त्याची खुर्ची रुंद. माझे हात पोचेनात.

ड्रायव्हर पुढे झाला. "मॅम, आय नो हाउ. आय वॉज इन द आर्मी."

त्याला येत होतं, ते त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. पण तो पुढे आला तसा पावलोविच चांगल्या हाताने खुर्चीला धरून मागे सरकायला लागला. वर्दीतला माणूस त्याला धरायला येतोय, एवढंच त्याला दिसत होतं. तो मरत होता आणि पळत होता.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "यू बिहाइंड. आय फ्रंट." आणि पावलोविचच्या समोर गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं. अगदी जवळ, म्हणजे माझ्या तोंडाशिवाय त्याला दुसरं काही दिसू नये. इंग्रजी आठवलं नाही. मराठीत बोलले. "इकडे बघ. माझ्याकडे बघ. कुणी नाही मागे. मीच आहे. बघ माझ्याकडे, माझ्या राजा." असं मी माझ्या मुलीलाही कधी म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे माझ्यावर आले. मागून ड्रायव्हरने खुर्चीच्या पाठीवरून हात घालून त्याला कवळलं आणि हिसका दिला. डोळे फिरले. दुसरा हिसका. मी त्याचं तोंड सोडलं नाही. तिसऱ्याला तो बोळा माझ्या तोंडावर येऊन आदळला, लाळ आणि काळ्या शाईसकट, आणि पावलोविचच्या छातीतून गाढवासारखा आवाज निघाला. त्याच्याइतका चांगला आवाज मी ऐकलेला नाही.

ड्रायव्हर खाली बसला. त्याचं नाव रे. मी त्याला म्हटलं, नाइन वन वन कर, आणि दार सताड उघडं ठेव, कुणी वाजवू नये. "आणि जॅकेट काढ."

"व्हॉट?"

"जॅकेट. कॅप. टेक ऑफ. पुट आउटसाइड."

त्याने का ते विचारलं नाही. काढून बाहेर टाकलं. आत लाल चौकड्यांचा शर्ट होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले तेही वर्दीतच, पण तोवर पावलोविचचे डोळे मिटलेले होते.

लोकांना वाटतं, कागद निघाला म्हणजे संपलं. संपत नाही. कागदाचा चोथा आणि लाळ छातीत गेली होती. रात्रीपर्यंत ताप चढला, न्यूमोनिया. वेरा संध्याकाळी पोचली, बुटांना बर्फ, गाडीची किल्ली हातातच. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं. दार वाजवू नका असं सांगितलं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "बस आधी. काही खाल्लंस?"

"मीच आग्रह केला प्रदर्शनाचा."

"केलास. आता रडून काय उपयोग? आत जा आणि त्याचा हात धर. चांगला हात धर, लुळा नको."

डॉक्टरने तिला विचारलं की श्वास थांबला तर मशीनवर ठेवायचं का. इथे हे विचारावंच लागतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नाही. हे सांगायचा मला हक्क नाही, एवढं मिरजेतही कळत होतं. ती म्हणाली, ठेवा. ठेवावं लागलं नाही, पण काही दिवस ते कुणालाच माहीत नव्हतं. माझी मुलगी म्हणाली, "आई, आता तुझी ड्यूटी नाही ना? एजन्सी पे करणार नाही." मी म्हटलं, "नको करू दे." दुसऱ्या दिवशी ती मला डबा घेऊन आली. स्वतः. लॅबमधून.

रे रोज यायचा, कामावरून सुटला की. चौकड्यांचा शर्ट घालूनच. पावलोविचला शुद्ध आली तेव्हा त्याने माझ्याकडे बघून पहिलं विचारलं, "त्यांना मिळालं?"

वेरा सांगायला लागली, पप्पा, ते गॅलरीचे लोक होते. मी तिला थांबवलं.

"नाही," मी म्हटलं. "काही मिळालं नाही. रिकाम्या हाताने गेले."

त्याने डोळे मिटले. त्याला समाधान झालं असावं. दोन दिवसांनी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा त्याला सगळं कळलं, आणि लाजही वाटली. कोपऱ्यात बसलेल्या रेकडे बघून म्हणाला, "हा कोण?"

"ज्याने तुम्हाला मागून धरलं तो."

पावलोविचने त्याला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. "जोरात धरतो," तो म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं. रे हसला आणि मग तोंड वळवून बसला.

कागदाचा मोठा तुकडा मांडीवरून खाली पडला होता, तो मी उचलून पुस्तकात ठेवला होता. बोळासुद्धा ठेवला होता, भांड्यात, झाकून. फेकून द्यायला हात झाला नाही. वेराने गॅलरीला विचारलं. ते म्हणाले, फिलाडेल्फियात कागद दुरुस्त करणारी माणसं आहेत, ती बोळा भिजवून उलगडतात आणि मागून पातळ कागद लावून परत जोडतात. खर्च गॅलरी करेल. वेराला ते पाहिजे होतं. तिने बापाला विचारलं.

"नको," पावलोविच म्हणाला. "ते खाल्लेलं आहे. खाल्लेलं परत ताटात ठेवत नाहीत."

मी म्हटलं, आमच्यात त्याला उष्टं म्हणतात. त्याला तो शब्द आवडला. दोन-तीनदा म्हणून बघितला, नीट येत नव्हता.

चित्र तसंच लावलं. डाव्या बाजूचा गठ्ठा फाटलेला, कडा कुरतडलेल्या. खाली त्याचं नाव. मी बघायला गेले, जांभळ्या सदऱ्यातच, कामावरून. एक जोडपं त्याच्यासमोर पुष्कळ वेळ उभं होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, ही फाडलेली कड मुद्दाम केलेली आहे, बघ किती धीट आहे.

मला एक वाटतं. कवितेत काय होतं हे मी त्याला नीट विचारायला हवं होतं. नावं होती एवढं कळलं. कुणाची, ती माणसं पुढे कुठे गेली, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या कामात विचारायचं नसतं, अशी सवय लागते. ती सगळीकडे चांगली नसते.

आता मी काम सोडलं आहे. गुडघे गेले. एजन्सीच्या मुली कधी फोन करतात, मावशी, घशात अडकलं तर काय करायचं. मी सांगते, शिकवलंय तेच करा, आणि पेशंटचं तोंड हातात धरा.

पावलोविच महिन्याभराने घरी आला. दारावरची हाक तशीच ठेवली, रेसुद्धा खालून ओरडून यायचा. मऊ भात पुन्हा सुरू झाला, शिक्षेचा चहाही. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला खुर्चीतून बागेत न्यायची, तिथे तो झोपायचा. त्यानंतर दोन हिवाळे गेले, आणि मग एका सकाळी हृदय थांबून तो गेला. वेरा जवळ होती. त्या गुरुवारातून मात्र तो वाचला.